आकाशाचे संशोधन आणि अरण्यातील प्रश्न

गुढीपाडव्याच्या दिवशी, २ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी, पूर्व विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे सरकत जाताना असंख्य लोकांनी पाहिले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात माणसाच्या उंचीहून अधिक व्यासाची धातूची कडी येऊन पडली. पाठोपाठ पवनपारच्या परिसरात धातूचा गोल सापडला. आणखी काही ठिकाणीही असेच अवशेष मिळाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. हे तुकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चँग झेंग ३ बी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे असावेत, असा अंदाज अंतराळातील वस्तूंचा मागोवा घेणाऱ्या तज्ज्ञांनी व्यक्त केला. काही दिवसांतच भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे शास्त्रज्ञ आले, पाहणी झाली आणि वृत्तपत्रांतून हा विषय मागे पडला.

मात्र त्या आठवड्यात गावोगावी विचारले गेलेले प्रश्न मागे पडण्यासारखे नव्हते. एवढ्या उंचीवरून येणारी वस्तू जळून खाक का झाली नाही? ती नेमकी येथेच पडणार हे आधी कळू शकत नव्हते काय? एखाद्या घरावर पडली असती तर भरपाई कोणी दिली असती? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अंतराळातील वस्तूमुळे जमिनीवर झालेल्या हानीची जबाबदारी ती सोडणाऱ्या देशावर असते आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र एअरोस्पेस अभियांत्रिकीत शोधावी लागतात. जगभरातील विद्यापीठांत त्यांवर पीएच. डी.चे प्रबंध लिहिले जातात. वातावरणात ताशी हजारो किलोमीटर वेगाने शिरणाऱ्या वस्तूभोवती हवा कशी तापते, अग्निबाणाचा कोणता भाग आधी तुटतो, दाब सहन करण्यासाठी बनविलेल्या टाक्या का टिकून राहतात, हा त्या अभ्यासाचा गाभा आहे.

असा अभ्यास करणारा संशोधक उद्या सिंदेवाही, सिरोंचा किंवा एटापल्ली तालुक्यातून निघू शकेल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी विमान आणि अंतराळ अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाकडे पीएच. डी.ला प्रवेश मिळण्याच्या अटी काय आहेत, त्या कोणाला पार करता येतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याची वाट नेमकी कोठे अडते, हे पाहिले पाहिजे.

प्राध्यापक काय शोधतो?

पीएच. डी.चा प्रवेश हा पदवीच्या प्रवेशासारखा नसतो, ही पहिली गोष्ट आपल्याकडील विद्यार्थ्यांना आणि बहुधा पालकांनाही कोणी सांगत नाही. पदवीला महाविद्यालय निवडायचे असते, पीएच. डी.ला विषय आणि मार्गदर्शक निवडावा लागतो. मुंबईच्या आयआयटीतील एअरोस्पेस अभियांत्रिकी विभागाचे उदाहरण घेऊ. तेथील काम ढोबळमानाने चार शाखांत चालते. विमानाभोवतीच्या हवेचा प्रवाह अभ्यासणारे वायुगतिशास्त्र, विमानाचा तोल आणि दिशा सांभाळणारे गतिकी व नियंत्रणशास्त्र, इंजिन आणि अग्निबाणांशी संबंधित प्रणोदन, तसेच सांगाड्याचा आणि पदार्थांच्या बळाचा अभ्यास करणारी संरचना. प्रत्येक प्राध्यापक यांपैकी एखाद्या शाखेतील एका अरुंद पट्ट्यात वर्षानुवर्षे काम करीत असतो. त्याच्या हाताशी विशिष्ट प्रयोगशाळा असते, विशिष्ट प्रकल्पाचा निधी असतो आणि त्या कामाला उपयोगी पडेल असा विद्यार्थी त्याला हवा असतो.

याच विभागात अनेक वर्षे अध्यापन केलेल्या प्रा. राजकुमार पंत यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हवेपेक्षा हलकी वाहने, म्हणजे एअरशिप आणि दोराने जमिनीशी बांधून आकाशात ठेवलेले एअरोस्टॅट, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. हिमालयातील दुर्गम भागात माल आणि प्रवासी नेण्यासाठी एअरशिप उपयोगी पडतील काय, उंचावर बांधून ठेवलेल्या एअरोस्टॅटवरून ग्रामीण भागात बिनतारी संपर्काची सोय करता येईल काय, असे प्रश्न त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताळले. विमानशास्त्र म्हणजे केवळ लढाऊ विमाने आणि चांद्रमोहिमा असा समज असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोबाइलचा मनोरा नसलेल्या गावाचा प्रश्नसुद्धा या शास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो. तेथे तो नेणारा मात्र कोणीतरी असावा लागतो.

अटींचे वास्तव

आता लेखी अटींकडे वळू. राज्यातील विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ मधील पीएच. डी. विनियम लागू आहेत. त्यांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण असलेला विद्यार्थी पात्र ठरतो. चार वर्षांची पदवी घेतलेल्याला ७५ टक्के गुण असतील तर पदव्युत्तर शिक्षणाशिवाय थेट पीएच. डी.ला अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. अभ्यासक्रमाचा काळ किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा असून स्त्रिया व दिव्यांगांना त्यात अधिक मुदत मिळते. नोकरी करीत अर्धवेळ पीएच. डी. करण्याची मुभा आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही आधीची सक्ती या विनियमांत राहिली नाही. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येते.

या शेवटच्या अटीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चार जागा असलेल्या मार्गदर्शकाकडे चार विद्यार्थी काम करीत असतील, तर कितीही गुणवान उमेदवार आला तरी त्याला दार बंदच असते. म्हणून एखाद्या प्राध्यापकाकडे यंदा जागा आहे किंवा नाही, ही माहिती गुणपत्रिकेइतकीच महत्त्वाची ठरते.

आयोगाने मार्च २०२४ मध्ये आणखी एक बदल जाहीर केला. त्या वर्षीच्या जून महिन्यापासून नेट परीक्षेतील गुण पीएच. डी. प्रवेशासाठी वापरता येऊ लागले. विद्यापीठागणिक वेगवेगळ्या प्रवेश परीक्षा देण्याचा त्रास त्यामुळे कमी व्हावा, हा हेतू. परंतु आयोगाच्या नेट परीक्षेत एअरोस्पेस अभियांत्रिकी हा विषयच नाही. अभियंत्यांसाठी वाट गेट परीक्षेतून जाते. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था मिळून ही परीक्षा घेतात, तिच्यात एअरोस्पेस अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते आणि गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात.

आयआयटी या आयोगाच्या विनियमांनी बांधलेल्या नाहीत. त्यांचे नियम त्यांच्या सेनेट ठरवितात. सर्वसाधारणपणे अभियांत्रिकीच्या पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला प्रथम श्रेणी अथवा ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५ टक्के, सोबत गेटचे गुण आणि त्यानंतर लेखी चाचणी किंवा मुलाखत, असा क्रम असतो. मुलाखतीत उमेदवाराची गणितातील व मूळ विषयातील पकड तपासली जाते. प्रवेशानंतर काही विषयांचा अभ्यासक्रम, त्यावरील पात्रता परीक्षा, दरवर्षी प्रगतीचे सादरीकरण आणि अखेरीस प्रबंध, असे टप्पे असतात. पूर्णवेळ संशोधकाला मिळणारी केंद्रीय अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये झाली आहे. ही रक्कम पाहिली की पीएच. डी. म्हणजे घरचे पैसे घालून करण्याचा उद्योग, हा ग्रामीण भागातील समज किती चुकीचा आहे, हे कळते.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एअरोस्पेसमध्ये पीएच. डी. करण्यासाठी एअरोस्पेसचीच पदवी लागते असे नाही. यांत्रिकी, स्थापत्य, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांचे अभियंते, तसेच गणित-भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थीही मार्गदर्शकाच्या विषयानुसार या क्षेत्रात येतात. इतिहासही तेच सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे मुंबई विद्यापीठातून विज्ञानाचे शिक्षण घेऊन जर्मनीतील गॉटिंगेन येथे गेले आणि आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणाऱ्या लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ मध्ये पीएच. डी. मिळविली. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमान अभियांत्रिकी विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. पुढे १९५१ मध्ये उड्डाण केलेल्या एचटी-२ या स्वदेशी प्रशिक्षण विमानाच्या रचनेचे नेतृत्व त्यांनी केले. सतीश धवन यांच्या शिक्षणात गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी साहित्य आणि यांत्रिकी अभियांत्रिकी एवढे विषय होते. वसंत गोवारीकर हे रासायनिक अभियंते; बर्मिंगहॅमच्या पीएच. डी.नंतर त्यांनी अग्निबाणांच्या घन इंधनावर काम केले आणि विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकपद भूषविले. या तिघांच्याही पहिल्या पदवीवर विमानशास्त्राचा शिक्का नव्हता.

न लिहिलेली अट

गुण, गेट आणि मुलाखत या लेखी अटी झाल्या. एक अट कोणत्याही माहितीपत्रकात नसते, आणि अनुभवी प्राध्यापक तिलाच सर्वाधिक वजन देतात. ती अशी की, उमेदवारापाशी स्वतःचा प्रश्न असला पाहिजे आणि तो प्रश्न प्राध्यापकाच्या शोधाशी जुळला पाहिजे. शंभर प्राध्यापकांना एकाच मजकुराचे पत्र धाडणाऱ्याला बहुधा उत्तर मिळत नाही. एखाद्याचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, त्यातील एखाद्या मर्यादेवर नेमके विचारणाऱ्याला मिळण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. त्या दृष्टीने पाहिले तर चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे मागासलेले नसून संशोधनाच्या प्रश्नांनी समृद्ध आहेत. अशा प्रश्नांची काही उदाहरणे देतो.

जंगलातील वणवे हे पहिले उदाहरण. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळणे, तेंदूपानांच्या हंगामाआधी लावलेली आग आणि इतर कारणांनी उन्हाळ्यात या भागात वणवे पेटतात. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरील दोन प्रकारच्या संवेदकांच्या आधारे वन विभागाला इशारे पाठविते. त्यांपैकी जुन्या मोडिस संवेदकाची एक चौकट सुमारे एक किलोमीटर लांब-रुंद, तर नव्या व्हीआयआयआरएस संवेदकाची ३७५ मीटर लांब-रुंद असते. म्हणजे नव्या संवेदकाचीही एक चौकट सुमारे १४ हेक्टर क्षेत्र व्यापते. शिवाय उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांमधल्या काळात आग कोठवर पसरली, हे पाहण्यासाठी ड्रोन उपयोगी पडू शकतो. परंतु बाजारातील बहुपंखी ड्रोन अर्धा-पाऊण तासात उतरतो, आणि स्थिर पंखांच्या, अधिक वेळ उडणाऱ्या ड्रोनला सागाच्या दाट जंगलात उतरायला मोकळी जागा मिळत नाही. दोन्हींचे गुण एकत्र आणणारे वाहन कसे असावे, हा वायुगतिशास्त्र आणि नियंत्रणशास्त्र यांचा संयुक्त प्रश्न आहे.

दुसरा मुद्दा उन्हाचा. चंद्रपूरचा उन्हाळा देशात कुप्रसिद्ध आहे. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंख्यांना तेवढाच भार उचलण्यासाठी अधिक शक्ती लागते. विमानशास्त्रात प्रमाण मानलेल्या १५ अंश सेल्सिअस तापमानाशी तुलना केली, तर ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असते. जागच्या जागी तरंगण्यासाठी लागणारी शक्ती त्यामुळे साधारण पाच टक्क्यांनी वाढते. त्यात बॅटरीही तापते. म्हणजे वणव्यांचा हंगाम आणि ड्रोनची क्षमता घटण्याचा हंगाम एकच. थंड देशांत तयार झालेल्या यंत्राची माहितीपुस्तिका येथील मे महिन्याबद्दल फारसे काही सांगत नाही. ही मोजणी चंद्रपुरातच करावी लागेल, आणि ती करण्यासाठी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही.

तिसरा प्रश्न पुराचा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड आणि पलीकडील शंभरावर गावांचा संपर्क तुटतो, ही पावसाळ्यातील नेहमीची बातमी. रक्ताचे नमुने, सर्पदंशावरील प्रतिविष, मलेरियाची औषधे पलीकडे नेण्यासाठी ड्रोनचा विचार वारंवार मांडला जातो. पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनने कोविडची लस पोहोचविण्याचा प्रयोग झालाही. मात्र भामरागडला गरज असते ती मुसळधार पावसात आणि वादळी वाऱ्यात, म्हणजे नेमके जेव्हा ड्रोन उडविणे टाळले जाते. पावसात उडणाऱ्या लहान वाहनाच्या पंखांवर पाण्याच्या थरामुळे काय परिणाम होतो, नदीच्या खोऱ्यातून येणाऱ्या झोताला नियंत्रणप्रणालीने कसे तोंड द्यावे, दाट छत्राखाली उपग्रहाचा दिशादर्शक संकेत क्षीण झाल्यास वाहनाने स्वतःची जागा कशी ओळखावी, यातील प्रत्येक प्रश्न प्रबंधाच्या तोलाचा आहे.

याला पूर्वपरंपरा नाही असे कोणी म्हणू नये. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक देशांच्या धोरणांवर त्यांचा प्रभाव पडला. तेथे प्रश्न गडचिरोलीचा होता, माहिती गोळा करणाऱ्या स्त्रिया गावातल्या होत्या आणि पद्धत शास्त्राच्या कठोर कसोटीवर उतरणारी होती. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने तर अभ्यासगटाची प्रथाच रुजविली. निर्णय घेण्यापूर्वी विषयाचा अभ्यास करायचा, हा त्या गावाचा परिपाठ. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना झाली, त्यामागे ही सवय होती. संशोधन ही शहरातून येणारी वस्तू आहे, हे या जिल्ह्याला कोणी शिकविण्याची गरज नाही.

वाट कोठे अडते?

असे असूनही आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांत येथील नावे अभावानेच दिसतात. याची कारणे विद्यार्थ्यांच्या बुद्धीत शोधणे अन्यायाचे होईल.

पहिले कारण संस्थांच्या रचनेत आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, परंतु या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ सुरू होण्यास २०११ साल उजाडले. तोवर सिरोंच्याच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ नागपुरात होते. चंद्रपुरातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे. म्हणजे तांत्रिक पदवी शिक्षणाची सोय होऊन तीन दशके होत आली, तरी एअरोस्पेस विषयात मार्गदर्शन करू शकेल अशी प्रयोगशाळा येथे उभी राहिली नाही. विद्यार्थी उत्तम यांत्रिकी अभियंता होतो, नोकरीसाठी पुण्याला जातो आणि त्याचा संशोधनाशी संबंध तेथेच संपतो.

दुसरे कारण वेळेचे. गेटची तयारी पदवीच्या तिसऱ्या वर्षी सुरू करावी लागते. शहरातील विद्यार्थ्याला हे वरच्या वर्गातील मित्रांकडून कळते. कुटुंबातील पहिलाच पदवीधर असलेल्या मुलाला किंवा मुलीला ते पदवी हाती आल्यावर कळते, आणि तोवर घरची नजर पगाराकडे लागलेली असते.

तिसरे कारण भाषेचे आणि धीराचे. मराठी, गोंडी किंवा माडिया घरात बोलणाऱ्या विद्यार्थ्याची मुलाखत इंग्रजीत होते. त्याला समीकरण सोडविता येते, पण ते का सोडविले हे त्या भाषेत सांगताना तो अडखळतो. मुलाखत घेणारे अनेकदा हे ओळखतात; तरीही मुलाखतीच्या अर्ध्या तासात जे गमावले ते परत मिळत नाही.

चौथे कारण पैशाचे, आणि ते केवळ रकमेपुरते नाही. अनुसूचित जमातींच्या संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. तिच्या वर्षाला ७५० जागा संपूर्ण देशासाठी असतात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. परंतु निवडीची संख्या, निकष आणि रक्कम वेळेवर मिळणे, यांसाठी संशोधक विद्यार्थ्यांना गेल्या काही वर्षांत पुन:पुन्हा आंदोलने करावी लागली. ज्याच्या घरी धानाची दीड एकर शेती आहे, त्याला सहा महिने उशिरा आलेली अधिछात्रवृत्ती संशोधन सोडायला लावू शकते.

परिणाम असा की, विमान आणि अंतराळ उद्योग विदर्भाच्या दारी येत असताना येथील तरुणाचा त्याच्याशी संबंध खालच्या पायरीवरच राहण्याची भीती आहे. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांची देखभाल होते, त्यांचे भाग बनतात, आणि फाल्कन २००० या व्यावसायिक विमानाच्या जोडणीची घोषणा २०२५ मध्ये झाली. भद्रावतीजवळच्या आयुध निर्माणीत दारूगोळा तयार होतो. या ठिकाणी जोडारी आणि तंत्रज्ञ हवेतच, आणि ती कामे प्रतिष्ठेचीच आहेत. पण रचना ठरविणारे, चाचणीचे निकष लिहिणारे आणि अपयशाचे कारण शोधणारे सगळे बाहेरून यावेत, हे या प्रदेशाने का मान्य करावे?

शिवाय एक नाजूक बाजू आहे. गडचिरोलीत ड्रोन आजवर प्रामुख्याने सुरक्षा दलांचे आणि शासकीय मोजणीचे साधन म्हणून माहीत आहे. वरून पाहणारा डोळा कोणाचा, आणि त्याने टिपलेली माहिती कोणाच्या हाती जाते, हा वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांच्या दृष्टीने गंभीर प्रश्न आहे. त्या जंगलात वाढलेला संशोधक ग्रामसभेची संमती हा संशोधनाचाच भाग मानील, ही शक्यता अधिक. बाहेरच्या प्रकल्पात ती बहुधा शेवटच्या पानावरची औपचारिकता असते.

काय करता येईल?

यासाठी गडचिरोलीत रातोरात एअरोस्पेस विभाग उघडण्याची मागणी करणे व्यवहार्य नाही. वाऱ्याचा बोगदा विकत घेता येतो. तो चालविणारी दहा माणसे घडवायला दोन दशके लागतात. परंतु आहे त्या नियमांत बरेच काही करता येण्यासारखे आहे.

२०२२ च्या विनियमांनी दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शकाला मान्यता दिली आहे. गोंडवाना विद्यापीठात नोंदणी, स्थानिक प्राध्यापक मार्गदर्शक, आणि आयआयटी किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीतील तज्ज्ञ सहमार्गदर्शक, अशी रचना आजही शक्य आहे. वणवे आणि वनाच्छादनासंबंधीच्या विषयांसाठी तर फार लांब जाण्याचीही गरज नाही. राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि इस्रोचे विभागीय सुदूर संवेदन केंद्र ही दोन्ही नागपुरातच आहेत. विद्यापीठाने असे पाच-सात सहमार्गदर्शक निश्चित करून त्यांचे विषय आणि रिकाम्या जागा दरवर्षी जाहीर केल्या, तर विद्यार्थ्याची निम्मी भटकंती वाचेल.

निधीचे मार्गही आहेत. इस्रो आपल्या रिस्पॉन्ड कार्यक्रमातून विद्यापीठांतील संशोधनाला साहाय्य करते आणि कोणत्या विषयांवर काम हवे आहे, हे प्रसिद्धही करते. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने २०२४ मध्ये प्रगत संस्थांशी राज्य विद्यापीठांना जोडणारी योजना आणली. अशा योजनांत अर्ज करण्यासाठी विद्यापीठाला स्वतःचा नेमका विषय मांडावा लागतो. ‘आम्हालाही संशोधन करायचे आहे’ एवढ्याने निधी मिळत नाही. ‘४५ अंश तापमानात आणि सागवनात काम करणारी हवाई वाहने’ असा विषय मात्र देशात दुसरे कोणते विद्यापीठ सहजासहजी मांडू शकणार नाही.

तिसरी गोष्ट महाविद्यालयांच्या हातातील. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला गेटची ओळख, गणिताचे जादा वर्ग, शोधनिबंध कसा वाचावा याचा सराव आणि इंग्रजीत आपला प्रकल्प पंधरा मिनिटे समजावून सांगण्याची तालीम, एवढे चार उपक्रम नियमाने राबविले तरी मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या वाढेल. महाविद्यालयांतील तरुण अध्यापकांना अर्धवेळ पीएच. डी.साठी रजा आणि ना हरकत प्रमाणपत्र वेळेवर मिळाले, तर पुढील पिढीचे मार्गदर्शक येथेच तयार होतील. ड्रोनविषयक २०२१ च्या नियमांनी लहान वाहनांच्या वापरावरील अनेक जाचक अटी सैल केल्या आहेत. पदवीच्या अखेरच्या वर्षाचे प्रकल्प स्थानिक प्रश्नांवर घेण्यास आता पूर्वीइतका अडसर नाही.

राहिली विद्यार्थ्यांची बाजू. प्राध्यापकाला पत्र लिहिण्यापूर्वी त्याचे काम वाचावे. आपली पदवी विमानशास्त्राची नाही म्हणून मागे हटू नये. मार्गदर्शकाकडे जागा आणि प्रकल्पाचा निधी आहे का, हे संकोच न करता विचारावे. आणि आपल्या तालुक्यातील एखादा प्रश्न आकड्यांत मांडून सोबत न्यावा: अमुक जंगलात अमुक महिन्यात किती तापमान असते, वारा कोणत्या दिशेने वाहतो, आग पहिल्या तासात किती पसरते. अशी वही घेऊन येणारा विद्यार्थी कोणत्याही प्राध्यापकाला हवाच असतो, कारण ती वही त्याच्या प्रयोगशाळेत तयार होऊ शकत नाही.

गोंडवाना विद्यापीठाने पुढील शैक्षणिक वर्षाच्या पीएच. डी. प्रवेशाची जाहिरात काढताना हवाई वाहने आणि सुदूर संवेदन या विषयांत चार जागा सहमार्गदर्शनाने भरण्याचे ठरविले, तर त्याला नव्या कायद्याची, नव्या इमारतीची वा मंत्रालयातील मोठ्या घोषणेची गरज लागणार नाही. विद्यापरिषदेचा एक ठराव आणि नागपूर-मुंबईशी काही आठवड्यांचा पत्रव्यवहार पुरेसा आहे. एवढे तरी यंदा व्हावे, अशी अपेक्षा या दोन जिल्ह्यांनी ठेवणे मुळीच अवाजवी नाही.